बारावी रिंग

बाबल, बारावी रिंग सापडली. काळी आहे.

तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चार चांगले शब्द लिहावेत असं सगळे म्हणतात. तुझी वैशालीही म्हणाली, "ताय, तुमी लिवतास बरा, तेंच्याविषयी कायतरी लिवा." मी वही घेऊन बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. चांगले शब्द लिहिण्याआधी मला एक गोष्ट तपासायची होती. तू माझ्या गाडीच्या एसीत चुलीचा गॅस भरला होतास की नाही.

गेले दहा महिने मी धरून चालले होते की भरलास. तसं मी बोललेही, आणि जिथे बोलायला नको होतं तिथे बोलले. तू दोषी निघाला असतास तर मी गप्प बसणार होते. गेलेल्या भावाचं एक काम झाकून ठेवणं मला जमलं असतं. पण दोषी नसलास तर ज्यांच्यासमोर बोलले त्यांच्याचसमोर मला पुन्हा उभं राहावं लागणार होतं. म्हणून आधी तपास केला. लिहायला आज बसले.

तू खोटं बोलायचास असं मी कधीच म्हटलं नाही. तू अर्धं सांगायचास. लहानपणी एकदा दिवसभर गायब होतास. संध्याकाळी आलास आणि आईला म्हणालास, "होडी बघूक गेललंय." आईला ते पटलं. होडी बघितलीस हे खरंच होतं. तिच्यात बसून खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन आलास, हे आठ दिवसांनी होडीवाल्याकडूनच कळलं. तेव्हापासून तू काही सांगितलंस की मी मनात म्हणायचे, आता उरलेलं अर्धं कुठे आहे ते शोधायचं. तू जामसंड्यात शेड टाकून फ्रिज दुरुस्त करायला लागलास, मग गाड्यांचे एसी करायला लागलास, लोक तुला मिस्त्री म्हणायला लागले, तरी माझी ती सवय गेली नाही. आणि मी लग्न होऊन देवबागला आले, पाहुण्यांच्या खोल्या बांधल्या, तरी तुझी अर्धं सांगायची सवय गेली नाही.

आमची पांढरी गाडी तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. वापरलेली घेतली तेव्हाच जुनी होती. पण एसी कंपनीतूनच आलेला, आणि पाहुणे फोनवर पहिला प्रश्न तोच विचारायचे. कुडाळ स्टेशनवर उतरलेलं मुंबईचं कुटुंब मे महिन्यात देवबागला पोचेपर्यंत उकडून निघालं, तर पुढचे चार दिवस त्यांना मासे गोड लागत नाहीत. दर उन्हाळ्याच्या तोंडाला तू थोडा गॅस भरून द्यायचास आणि सीझन निघायचा. गेल्या खेपेला मात्र म्हणालास, नुसता भरून चालणार नाही, सगळं बदलावं लागेल.

"जुनो गॅस आता मिळणा नाय, ताये. सरकारान बंद करूक घेतलो."

"गेल्या वर्षी होतो मा?"

"गेल्या वर्षी होतो. आता मिळता तो खरो कितको नि भेसळीचो कितको, ता माका सांगूक येणा नाय. त्यापरीस नवो घालूया."

"बंद कित्याक केलो?"

"वर आकाशाक भोक पडला. ह्या गॅसान."

"देवबागच्या एका गाडयेन आकाशाक भोक पाडल्यान?"

"नाय गो. सगळ्यांनी तुझ्यासारखाच इचारला, 'माझ्या एका गाडयेन काय होता?' म्हणान पडला."

मला वाटलं, हा नुकताच कोल्हापूरला तीन दिवसांचा वर्ग करून आला आहे आणि शिकलेलं माझ्या गाडीवर करून बघणार आहे. हे मी बोललेही. तू हसलास. नाही म्हणाला नाहीस.

गाडी जामसंड्याला घेऊन आम्ही दोघं सकाळीच आलो. तुझे भावजी शेडच्या बाहेर माडाखाली विडी ओढत बसले आणि मी वही उघडून तुझ्या शेजारी उभी राहिले. काय काय बदलायचं ते तू एकेक सांगत गेलास. नव्या गॅसचं जुन्या तेलाशी जमत नाही, सासू-सुनेसारखं, म्हणून तेल बदलायचं. गॅसमधला ओलावा शोषून घेणारी जी बाटली असते, ती नवी. पाइप जिथे जिथे जोडलेले आहेत तिथे रबरी रिंगा असतात. जुन्या काळ्या रिंगांतून नवा गॅस हळूहळू निसटतो, म्हणून त्या काढून हिरव्या घालायच्या. गॅस भरायचं तोंडही वेगळं बसवायचं, म्हणजे कुणी चुकून जुना भरू नये. मी सगळं लिहून घेतलं.

"लिव, लिव," तू म्हणालास. "तुझी वही बघून माझो पानो थरथरता."

जुना उरलेला गॅस तू हवेत सोडला नाहीस, एका छोट्या टाकीत ओढून घेतलास. आकाशाचं भोक वाढेल म्हणून, असं सांगितलंस. मी वहीत लिहिलं, "जुना गॅस बाबलने ठेवून घेतला," आणि टाकी काट्यावर ठेवून तिचं वजनही लिहिलं. भेसळ नसलेला जुना गॅस मिळत नाही असं ज्याने मला सकाळीच सांगितलं, तो माझा गॅस कशासाठी जपून ठेवतो, हा प्रश्न मला पडला. कोपऱ्यात लाल सिलिंडर होता, त्याला लांब नळी जोडलेली. मी त्याच्याकडे बघते आहे हे तू पाहिलंस.

"तो फ्रिजाच्यो नळयो जोडूक. आगीन डाग देवक."

वहीत लिहिलं, "लाल सिलिंडर. पुन्हा विचारणे."

आणखी एक गोष्ट लिहायला हवी, ती तेव्हा लिहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने पाहुणे येणार होते. "बाबल, गाडी आज होया. आज म्हणजे आजच." हे मी सकाळपासून किती वेळा म्हणाले ते मोजलेलं नाही. मोजण्यासारखं होतं.

मग वैशालीने मला आत बोलावलं. मी भाकरी-सुकट खाऊन परत आले तोवर तू रिंगा बसवून मोकळा झाला होतास. पंप लावून पाइपांमधली सगळी हवा ओढून काढली होतीस आणि पंप बंद केला होतास. मला स्टुलावर बसवलंस आणि घड्याळासारख्या गोल मीटरपुढे माझी नेमणूक केलीस.

"आता आत काय नाय, नुसती पोकळी आसा. ही सुई हलाक होयी नाय. हलली तर खंयतरी भोक आसा. अर्धो तास बघ. तुझ्यासारखो राखणदार माका मिळाचो नाय."

मी अर्धा तास पापणी लवू न देता बसले. वहीतलं ते पान आता माझ्यासमोर आहे. "१२.१०. सुई तीसच्या रेघेवर." त्याच्या खाली, "१२.४०. किंचित अलीकडे."

"बाबल, सुई हलली."

तू हात पुसत आलास. वाकलास. बघितलंस. मला चांगलं आठवतं, गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिलास. मग गाडीच्या आत, पुढच्या काचेखालच्या डॅशबोर्डाकडे बघितलंस. मग माझ्याकडे.

"तुझो डोळो हललो," म्हणालास, आणि गॅसची चावी उघडलीस.

दुसऱ्या दिवशी कुडाळहून येताना पाहुण्यांच्या बाईंनी पदर अंगाभोवती गुंडाळून घेतला, इतकं गार. तुझे भावजी खूश. मी नव्हते. गाडी पूर्वीपेक्षा जास्त गार कशी, हे मला कळेना.

आठ दिवसांनी माझ्या जावेचा भाऊ जेवायला आला. तो रेडीला खनिजाच्या ट्रकवर आहे, दहा गॅरेजं बघितलेला. तो म्हणाला, जुन्या गाडीत नवा गॅस घातला की गारवा थोडा कमीच होतो, जास्त कधी होत नाही. जास्त झाला असेल तर मिस्त्रीने चुलीचा गॅस घातला असेल. तसं करणारे आहेत. गार करतो झकास, मालकाला कळतही नाही. फक्त कुठे गळला आणि आत कुणी काडी ओढली, की संपलं.

त्याने हे सोलकढी पिता पिता सांगितलं. मी तुझ्या भावजींकडे बघितलं. त्यांच्या खिशात विड्यांचं बंडल होतं.

"इतकी वर्षां मी गाडयेत विडी ओढतंय," ते म्हणाले. "गाडी कधी पेटूक नाय."

"आता पेटात."

त्या दिवसापासून गाडीत विडी बंद. मी रोज सकाळी एसीच्या जाळीला नाक लावून वास घ्यायचे. चुलीच्या गॅसचा वास काही आला नाही, पण मला वाटायचं माझं नाक अपुरं पडतंय. मागच्या सीटवर पाहुण्यांची मुलं झोपलेली असायची. स्टेशनपासून घरापर्यंत मी काचा दोन बोटं खाली ठेवून बसायचे. पाहुणे म्हणायचे, एसी आहे ना, मग काच का उघडी? मी म्हणायचे, आमच्या खाडीचा वारा औषधी आहे.

तुला सरळ फोन करून विचारता आलं असतं. पण तू अर्धं सांगितलं असतंस. म्हणून मी सीझन संपेपर्यंत थांबले आणि देवळाच्या पायरीवर आले.

माहेरच्या देवाला सीझनचा नारळ ठेवायला मी येते तेव्हा तू येतोसच. त्या सोमवारी सकाळीही आलास. देवळाचे मानकरी गावकर, त्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं, पाच-सात माणसांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, नारळ फुटला. लोक अजून खोबरं चघळत उभे होते. मी पर्समधून कागद काढला.

"बाबल, पायरीक हात लाव. मी वाचतंय, तू व्हय म्हण."

तुला ती थट्टा वाटली. वाकून हात लावलास. "वाच, मास्तरणी."

"एक. जुनो गॅस सगळो काढलंय."

"व्हय."

"दोन. तेल बदललंय."

"व्हय."

"तीन. सगळ्यो रिंगो बदललंय."

तू हात उचललास. नुसता उचललास, आणि त्या हाताकडे बघत राहिलास.

"ताये, देवळात ह्या काय काढलंस?"

"तीन," मी म्हटलं. "सगळ्यो."

"माका काम आसा." आणि चपला अडकवून निघालास.

कागद तुझ्या डोळ्यांपुढेच होता. मी धरलं की खालचा पाचवा मुद्दा तू वाचलास आणि तिथे पोचण्याआधीच सटकतो आहेस. म्हणून चौथा सोडून पाचवा मी तुझ्या पाठीवर मोठ्याने वाचला. "पाच. गाडयेत चुलीचो गॅस भरूक नाय. ह्या सांग, बाबल."

तू वळला नाहीस. गावकर मला म्हणाले, "बाय, देवाक असो कागद वाचून दाखवतत?" पण बाकीच्यांनी मुद्दा ऐकला होता. तिसरा कुणाच्याच लक्षात राहिला नाही. पाचवा सगळ्यांच्या राहिला.

भाऊबीजेला तू आलास. ओवाळताना मी तुझ्याकडे बघितलं नाही, निरांजनाकडे बघितलं. तू पुडकं पुढे केलंस. त्यात एसीच्या जाळीला अडकवायचा छोटा थर्मामीटर होता. "रोज लिवन ठेव. तुका बरा वाटात." मला तो टोमणा वाटला. मी तो कपाटात टाकला. जेवताना तू म्हणालास,

"ताये, गाडी दोन दिस माका दी. वायच काम रवला आसा."

"कसला काम?"

"वायच. दोन दिसांनी आणून देतंय."

तुझे भावजी "देऊया की" म्हणाले. मी नाही म्हटलं. मला वाटलं, हा चुलीचा गॅस गुपचूप काढून टाकणार आणि पुरावा जाणार. त्या दिवशीच्या पानावर माझं अक्षर आहे, "बाबल गाडी दोन दिवस मागतो. द्यायची नाही." तू उठून हात धुतलेस आणि गाडीच्या टपावर एकदा थाप मारून निघून गेलास.

मग दोन महिन्यांनी एका दुपारी तू जेवून आडवा झालास तो उठला नाहीस.

बाराव्या दिवशी वैशाली मागीलदारी भांडी विसळत होती. मी पुसून ठेवत होते. खाली मान घालूनच ती म्हणाली, "ताय, रागवां नकात. पायरीची गोष्ट लोकांच्या तोंडात रवली. पावसापासून एकव गाडी शेडीत येवक नाय. फ्रिज येयत. गाडयो नाय." मी विचारलं, बाबल काय म्हणायचा? "काय नाय. म्हणायचे, तायचा चुकूक नाय, तिचो प्रश्न बरोबर होतो."

मी हातातलं पातेलं तीन वेळा पुसलं.

सावंतवाडीचा जुजे मिस्त्री तुझ्या ओळखीचा. त्याला देवबागला बोलावलं. गाडीचा गारवा तोवर जवळजवळ संपला होता. जुजेने पिशवीतून एक यंत्र काढलं, पिचकारीएवढं, त्याच्या टोकाला लवचीक नळी. गॅस गळत असला की ते वाजतं. जाळीपाशी नेलं तसं ते पीं पीं करायला लागलं.

"हंयच गळता," तो म्हणाला. "डॅशबोर्डाच्या मागे. नि वैनी, ह्यो चुलीचो गॅस न्हय. चुलीच्या गॅसाक माझा यंत्र वाजणा नाय."

"कशावरून?"

मी त्याला स्वयंपाकघरात नेलं. शेगडीचं बटण न पेटवता क्षणभर उघडलं, खिडक्या सताड उघड्या ठेवून. वास आला, यंत्र गप्प. पुन्हा गाडीपाशी आलो, पुन्हा पीं पीं. मी म्हटलं, आणखी एकदा. जुजेने आणखी एकदा केलं. "बाबल म्हणायचो तशीच आसास तुमी," एवढंच बोलला.

बॉनेट उघडलं तर आतल्या बाजूला, पारदर्शक टेपखाली तुझ्या अक्षरात कागद. "नवो गॅस घातललो आसा. जुनो घालू नको." त्याच्या पुढे, गाडीच्या तोंडावरच्या जाळीच्या मागे, एक जादा पंखा बसवलेला. तो मला तू दाखवला नव्हतास. जुजे म्हणाला, "म्हणान गार करी होतो. नवो गॅस उन्हात कमी पडता, म्हणान ह्येणां जादा पंखो लावलो. कोण इतक्या करणा नाय." मी दहा महिने ज्या गारव्याला पुरावा समजत होते, तो पंख्याचा होता.

उरलेला गॅस काढून घेऊन त्याने बाहेरचे सांधे उघडले. मी उभी राहून मोजले. अकरा. अकराही ठिकाणी हिरवी रिंग. मग डॅशबोर्डाचे स्क्रू काढायला सुरुवात केली. बारावा सांधा त्याच्या मागे, इतका आत की जुजेलाच दुपार झाली. शेवटी त्याने चिमट्याने एक रिंग काढून माझ्या तळहातावर ठेवली. काळी, कडक झालेली, एका बाजूला चीर गेलेली.

"ही जुनीच रवली," तो म्हणाला. "हंय पोचाक सगळो डॅशबोर्ड काढूक लागता. दिवस जाता. तेका घाई होती काय?"

घाई मला होती.

म्हणजे तू तिसऱ्या मुद्द्यावर हात उचललास तो तिसऱ्यासाठीच. "सगळ्यो" हा माझा शब्द. मी "अकरा" लिहिलं असतं तर तू पाचही मुद्द्यांना व्हय म्हणून खोबरं खात घरी गेला असतास. देवाच्या पायरीवर एका रबराच्या रिंगेसाठी खोटं बोलायला तू तयार झाला नाहीस आणि चार लोकांत बहिणीला खरं सांगायलाही तयार झाला नाहीस. नेहमीप्रमाणे अर्धं. सुई हलल्याचं मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. "किंचित." सगळ्या गोष्टींवर संशय घेतला, तेवढी नोंद सोडून. ती तू "तुझो डोळो हललो" म्हणून उडवून लावलीस, याचा राग मला अजून आहे. तो मी सोडणार नाही.

"ह्या मापाची हिरवी रिंग माझ्याकडे नाय," जुजे म्हणाला. "बाबलाच्या शेडीत बघूक होयी."

तुझ्या शेडमध्ये मी गेले ती खरं तर टाकी बघायला. जुन्या गॅसची ती छोटी टाकी भिंतीशी उभी होती, वर खडूने "ताय" लिहिलेली. मी तुझ्याच काट्यावर ठेवून वजन केलं आणि वहीत बघितलं. त्या दिवशी होतं त्यापेक्षा कमी भरलं. वैशाली म्हणाली, "चावी गळत असात." असेल. पण तू कुणातरी अडलेल्याच्या गाडीत माझा थोडा गॅस घातलास असं मला वाटतं, आणि ते मी खोडणार नाही. वर आल्यावर विचारेन.

टाकी परत ठेवताना तिच्या चावीला दोऱ्याने बांधलेली प्लास्टिकची पिशवी दिसली. आत एकच रिंग. हिरवी. पिशवीत चिठ्ठी होती, तुझ्या वाकड्या अक्षरात. "ताय. डॅशबोर्ड. दोन दिस."

मी तिथेच, तुझ्या स्टुलावर बसले. सुई बघायला बसवलं होतंस त्याच.

बाबल, तुझी आभाराची यादी मी केलेली नाही, पण एक लिहिते. तुझ्या भावजींची विडी सुटली. गाडीत बंद केली, मग पडवीत कमी झाली, गणपतीत पूर्ण गेली. खोकला गेला. ते सांगत फिरतात, "बाबलान माझी विडी सुटवली." तू न केलेल्या गोष्टीचं श्रेय तुला मिळतंय. न केलेल्या गोष्टीचा दोषही मिळाला होता.

काल सोमवार होता. मी पुन्हा पायरीवर आले. वैशाली बरोबर होती, जुजे मुद्दाम आला होता. गावकरांना मी आधी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "कागद हाडलंस?" आणला होता. तोच, जुना. तिसऱ्या मुद्द्यातलं "सगळ्यो" खोडून "अकरा" केलं होतं. त्यांनी तो हातात घेतला, चष्मा शोधला, आणि गाऱ्हाण्याच्या चालीवर सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेक तुझ्या पायरीर इली आसा."

"व्हय म्हाराजा."

"तिच्या भावान गाडयेत चुलीचो गॅस घालूक नाय. अकरा रिंगो बदललेन, एक रवली. ती रवली ती तिच्या घाईन रवली."

"व्हय म्हाराजा."

"तिना ह्या पायरीर त्याका भलता बोलला. ता कोणाच्या मनात आसात तर आजपासून काढून टाक रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले. गेल्या वेळचे पाच-सातजण होते, आणखी काही. मी पायरीला हात लावला. दगड उन्हाने तापला होता. तुझा हात तिथे किती वेळ होता, दोन मुद्द्यांपुरता, ते मला आठवलं.

बाहेर आल्यावर एक टेम्पोवाला वैशालीला विचारत होता, शेड परत कधी उघडणार. जुजे दर गुरुवारी येऊन बसणार आहे. मी त्याला सांगितलं आहे की शेडीवरचं तुझं नाव पुसायचं नाही.

पांढरी गाडी मी तुझ्या शेडमध्ये उभी केली, त्याच जागी, डॅशबोर्ड उघडा. हिरवी रिंग जुजेच्या हातात दिली. तो म्हणाला, उद्या संध्याकाळपर्यंत होईल. मी म्हटलं, नको, परवापर्यंत घे. घाई नाही. पंप लावलास की सुईपुढे वैशालीला बसव, आणि ती हलली म्हणाली तर हलली.

किल्ली वैशालीकडे दिली. काळी रिंग माझ्या पर्समध्ये आहे. एसटीने मालवणला आले, तिथून देवबागला. घरी येऊन कपाटातून तुझा थर्मामीटर काढला आणि पुसून किल्ल्यांच्या खुंटीला लावून ठेवला. मग वही उघडली. भाऊबीजेच्या पानावर "द्यायची नाही" असं होतं. ते खोडून शेजारी लिहिलं, "दिली. दोन दिवस."